गाळाची बखर

१८८० च्या दशकात ख्रिस्तियानियाच्या (आजच्या ओस्लोच्या) एका प्राध्यापकांकडे ऑस्ट्रेलियातला वाळका चिखल येऊन पोहोचला. सोने नाही, शिंपले नाहीत, नुसता एका पाणथळीच्या तळाचा भेगाळलेला, दगडासारखा कडक झालेला चिखल. दुसऱ्या कोणी तो मागच्या दाराने बाहेर फेकला असता. प्राध्यापकांनी तो काचेच्या भांड्यात टाकला, वर पाणी ओतले आणि वाट पाहत बसले. काही दिवसांत पाण्यात ठिपके हलू लागले. ज्या खंडावर या गृहस्थांनी कधी पाऊल ठेवले नव्हते, तिथले जिवंत प्राणी त्यांच्या खिडकीशी पोहत होते.

त्यांचे नाव गेओर्ग ओसियान सार्स. आज हे आडनाव ऐकले की एक साथ आठवते, त्याला इलाज नाही. पण जलचरांच्या अभ्यासकांसाठी सार्स म्हणजे नॉर्वेतले हेच गृहस्थ, हात चित्रकाराचा आणि चिकाटी कारकुनाची असलेले. चिखल मिळाला तो कार्ल लुमहोल्ट्झ या भटक्या नॉर्वेजियन माणसामुळे. क्वीन्सलँडमध्ये रॉकहॅम्प्टनजवळ ग्रेसमिअर नावाची मोठी जमीनदारी होती. ती आर्चर घराण्याची, म्हणजे मूळच्या स्कॉटिश पण नॉर्वेत लार्विकला स्थायिक झालेल्या कुटुंबाची. लुमहोल्ट्झ तिथे उतरले, आणि घराशेजारच्या पाणथळीचा तळ सार्स यांच्या भांड्यात आला. या आर्चर बंधूंपैकीच कॉलिन, जे तरुणपणी ग्रेसमिअरला राहून परत आले आणि पुढे १८९२ मध्ये उत्तर ध्रुवाकडे जाणारे 'फ्राम' जहाज बांधून मोकळे झाले. ते जहाज ज्यांच्यासाठी बांधले ते नान्सेन हे सार्स यांचे मेहुणे. एवढीशी नॉर्वे, सगळे एकमेकांचे सोयरे. चिखलसुद्धा ओळखीतूनच आला.

१८८५ मध्ये सार्स यांनी या चिखलातून निघालेल्या प्राण्यांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यातल्या एका जातीच्या डोक्यावर भाल्यासारखे लांब टोक, शेपटीकडे तसेच दुसरे. तिला त्यांनी चिखल मिळवून देणाऱ्याचे नाव दिले : डॅफ्निया लुमहोल्ट्झी. हा नाद त्यांना असा लागला की पुढे दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका इथला वाळका चिखलही त्यांनी मागवला आणि घरबसल्या त्या खंडांतले सूक्ष्म कवचधारी वाढवून, चितारून, नावे देऊन ठेवले. लोक प्रवास करून प्राणी शोधत होते, आणि इथे प्राणीच झोपेत प्रवास करून शास्त्रज्ञाकडे येत होते.

सार्स यांना हवी होती ती नव्या जातींची यादी. आपण भांड्यात पाणी ओततो तेव्हा एक दप्तर उघडतो, ही कल्पना त्यांच्या मनात असल्याचे काही दिसत नाही. ते दप्तर वाचायला जगाला आणखी शंभर वर्षे लागली.

लुमहोल्ट्झी ही पाणपिसू. आणि पाणपिसू ही पिसू नव्हे. पिसू हा कीटक, आणि ही झिंगे-खेकड्यांच्या गोतावळ्यातली. पाण्यात झटक्याझटक्याने उडी मारल्यासारखी सरकते म्हणून हे नाव चिकटले. मोठ्यात मोठी डॅफ्निया मॅग्ना पाच मिलिमीटरच्या आसपास, बाकीच्या बहुतेक तिळाएवढ्या किंवा त्याहून लहान. घरी मासे पाळणारी मंडळी तिला डॅफ्निया म्हणूनच ओळखतात आणि माशांपुढे टाकतात. अंग काचेसारखे आरपार. सूक्ष्मदर्शकाखाली धरली की हृदय धडधडताना दिसते, आतड्यातली हिरवी शेवाळाची रेघ दिसते, पाठीवरच्या पोकळीत पिल्ले हलताना दिसतात. पोट न फाडता पोटातले सगळे दाखवणारा प्राणी शास्त्रज्ञाला आणखी कुठे मिळणार?

तिचा संसारही न्यारा. बरे दिवस असले की तळ्यात माद्याच माद्या. नराची गरज नाही. आई अंडी घालते, त्यातून मुली होतात, त्या जनुकांनी हुबेहूब आईसारख्या, आणि आठवड्याभरात त्याही आया होण्याच्या वाटेवर. मग दिवस फिरतात. गर्दी होते, अन्न आटते, ऋतू बदलतो. तेव्हा त्याच माद्या नर जन्माला घालतात, मीलन होते आणि वेगळीच अंडी तयार होतात, बहुधा दोनच. त्यांच्याभोवती आईच्या पाठीचे कवच जाड आणि काळपट होते, आणि ती कात टाकते तेव्हा अंड्यांची ही डबी सुटून तळाशी जाते. घोड्याच्या पाठीवरच्या खोगिरासारखा तिचा आकार. १७८५ मध्ये डेन्मार्कच्या ओटो फ्रीडरिक म्यूलर यांनी तिला ग्रीक-लॅटिनमधले खोगीर याच अर्थाचे नाव दिले. आपल्याकडे खोगीरभरती म्हणजे निरुपयोगी माल. या खोगिरातली भरती मात्र दुष्काळ, बर्फ, माशांची आतडी, सगळे पचवून वर्षानुवर्षे टिकते.

डॅफ्निया हे नावही म्यूलर यांचेच. ग्रीक पुराणातली डॅफ्नी पळता पळता झाड झाली आणि तिच्या हातांना फांद्या फुटल्या. पाणपिसवेच्या फांद्याळ शृंगिका पाहिल्या की नाव पटते. तसे फांद्यांचे त्याआधी, १६६९ मध्ये, हॉलंडच्या यान स्वामरडाम यांनीही टिपून ठेवले होते. त्यांनीच एक गंमत नोंदवली आहे. लायडनमध्ये एकदा पाण्याचे रक्त झाले म्हणून लोक घाबरले. एका वैद्याने पाणी घरी नेऊन पाहिले, तर लाल पाणपिसवांचा खच. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की यांच्या अंगात रक्तातले हिमोग्लोबिन वाढते आणि त्या तांबूस होतात, हे कळायला अर्थात अजून खूप काळ जायचा होता.

खोगिराचे कोडेही लवकर सुटले नाही. जिनिव्हाचे लुई ज्युरीन यांनी १८२० च्या आपल्या मोठ्या ग्रंथात तो चक्क आजार ठरवला. पाठीवर काळा डाग उठतो, मग तो गळून पडतो, म्हणजे दुखणेच असणार! त्याच सुमारास पॅरिसमध्ये स्ट्राउस-ड्यूर्कहाइम यांनी त्यात अंडी असल्याचे दाखवले. पण नराविना आणि नरासह अशा दोन्ही रीतींचे सांगोपांग वर्णन आले ते १८५७ मध्ये, रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात. लेखक होते तेवीस वर्षांचे जॉन लबक, बँकवाल्याचे चिरंजीव आणि चार्ल्स डार्विन यांचे शेजारी. डार्विन यांच्या घरी या मुलाची लहानपणापासून ये-जा, त्याला सूक्ष्मदर्शकाची गोडी लागली ती तिथेच. पुढे हेच लबक पार्लमेंटात गेले आणि १८७१ मध्ये बँकांच्या सुट्टीचा कायदा त्यांनी करून घेतला. सोमवारी सुट्टी घेऊन समुद्रावर जाणाऱ्या इंग्रजांना पाणपिसवांशी असलेले आपले नाते कोणी सांगितले नसेल.

त्यानंतर आले फ्रायबुर्गचे ऑगस्ट वाइजमान. आनुवंशिकतेच्या इतिहासात त्यांचे नाव मोठे, उंदरांच्या शेपट्या पिढ्यान्पिढ्या छाटून 'कमावलेले गुण संततीत उतरत नाहीत' हे दाखवणारे ते हेच. डोळ्यांच्या विकारामुळे सूक्ष्मदर्शक बरीच वर्षे त्यांना पारखा झाला होता. जरा बरे वाटू लागले तेव्हा ते बोडनसीच्या, म्हणजे कॉन्स्टन्स सरोवराच्या, काठी पाण्यातल्या या चिमुकल्या जिवांकडे वळले, आणि १८७० च्या दशकात त्यांनी डॅफ्नियाकुळावर निबंधांची मालिका लिहिली. माद्यांच्या राज्यात नर कधी येतात हे बाहेरची परिस्थिती ठरवत नाही, ते जातीच्या रक्तातच ठरलेले असते, असा त्यांचा निष्कर्ष. तो टिकला नाही. १९२९ मध्ये अमेरिकेत आर्थर बँटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुसती गर्दी करून नर निर्माण करून दाखवले. १९६५ मध्ये आणखी एक गाठ सुटली. खोगीर घालायला गर्दी आणि दिवसाची लांबी असे दोन इशारे एकदम लागतात. म्हणजे ही एवढीशी पिसू पंचांग पाहते आणि शेजारपाजारही मोजते. बोडनसी मात्र ध्यानात ठेवावे, तिथे पुन्हा यायचे आहे.

मला या सगळ्या मंडळींत सर्वांत जवळचे वाटतात ते इल्या मेचनिकॉव्ह. तिरसट, निराशेचे झटके येणारे, ओदेसा विद्यापीठातल्या राजकारणाला कंटाळून १८८२ मध्ये राजीनामा देऊन कुटुंबासह सिसिलीत मेसिनाला गेलेले. घरचे सगळे सर्कशीतली माकडे पाहायला गेले होते. हे एकटे सूक्ष्मदर्शकाशी. समुद्रातल्या तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगातल्या फिरत्या पेशी पाहता पाहता त्यांना वाटले, या पेशी शत्रूवर चालून जात असतील का? अंगणातल्या गुलाबाचे काटे आणून त्यांनी अळीच्या अंगात टोचले. सकाळी काट्याभोवती पेशींचा वेढा पडलेला.

पण काटा म्हणजे काही रोग नव्हे. खरा रोग, खरा जंतू आणि खरी लढाई डोळ्यांनी पाहायची, तर आरपार दिसणारा आणि आजारी पडणारा प्राणी हवा. तो पाणपिसवेच्या रूपाने मिळाला. त्यांच्या काही डॅफ्निया एका यीस्टने पांढऱ्या पडून मरत होत्या. या यीस्टचे बीजाणू सुईसारखे. अन्नाबरोबर गिळले जातात आणि आतड्याची भिंत भोसकून शरीराच्या पोकळीत शिरतात. मेचनिकॉव्ह यांनी डोळा न हलवता पाहिले की सुईचे टोक आत आले रे आले, की रक्तातल्या पेशी तिला चिकटतात, तिला गिळतात, एकाने भागले नाही तर अनेक मिळून एक होतात, आणि सुई वितळून चुरा होते. पेशी जिंकल्या तर पिसू जगते. एखादी सुई निसटून अंकुरली तर यीस्ट अंगभर पसरते आणि खेळ संपतो. प्रत्येक पिसवेच्या अंगात एक रणांगण, आणि ते काचेतून दिसत होते.

१८८४ मध्ये हा निबंध बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्शो यांच्या नियतकालिकात आला. पांढऱ्या पेशी शरीराच्या रक्षक असतात, ही गोष्ट आज शाळेतल्या मुलालाही पाठ असते. तेव्हाच्या बहुतेक वैद्यांची समजूत उलट होती. या पेशी जंतूंना अंगभर फिरवून रोग पसरवतात, असे त्यांना वाटे. मेचनिकॉव्ह यांना १९०८ चे नोबेल पॉल एर्लिख यांच्याबरोबर विभागून मिळाले. सांगताना सगळे गुलाबाच्या काट्याची गोष्ट सांगतात, कारण ती गोड आहे. पुरावा म्हणून मात्र पाणपिसवेची गोष्ट जास्त वजनाची, कारण तिथे शत्रू खरा होता आणि हार-जीत दोन्ही दिसत होती. त्या यीस्टला पुढे मेचनिकॉव्ह यांचेच नाव मिळाले.

एवढ्यावर त्यांचे पाणपिसवेशी नाते तुटले नाही. १८८८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी डॅफ्नियाच्या आणखी एका परजीवीचे वर्णन केले. हा जीवाणू फुलकोबीच्या तुऱ्यासारखा फांद्या फुटत वाढतो आणि मादीला मारण्याआधी वांझ करतो. त्याला नाव दिले पाश्चर यांचे : पाश्चुरिया रॅमोसा. हे नावही ध्यानात ठेवावे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाणपिसू एका वेगळ्याच भांडणात ओढली गेली. लाइपझिगचे रिचर्ड वोल्टरेक ऑस्ट्रियातल्या लुन्झच्या नव्या जैविक केंद्रात काम करत होते. सरोवरातल्या काही डॅफ्नियांच्या डोक्यावर उन्हाळ्यात उंच शिरस्त्राण येते, हिवाळ्यात ते गायब होते. वोल्टरेक यांनी एकाच आईच्या मुली, म्हणजे जनुकांनी एकसारख्या, वेगवेगळ्या खुराकावर वाढवल्या आणि डोक्याची उंची मोजली. खुराक बदलला की उंची बदलते, हे झालेच. पण वेगवेगळ्या सरोवरांतल्या वंशांची बदलण्याची तऱ्हाच निराळी निघाली. एक वंश थोड्या खुराकाने झरझर वाढतो, दुसरा ढिम्म हलत नाही. आलेखावर प्रत्येकाची वाकडी रेघ वेगळी. १९०९ मध्ये त्यांनी या रेघेला 'प्रतिक्रियेची रीत' अशा अर्थाचा जर्मन शब्द दिला. त्याच वर्षी कोपनहेगनचे विल्हेल्म योहान्सन यांनी 'जीन' हा शब्द आणला. वोल्टरेक यांना वाटले होते की आपण योहान्सन यांना खोडून काढले. योहान्सन शांतपणे म्हणाले, हे तर माझ्याच म्हणण्याचे उदाहरण आहे. वंशात मिळते ते डोके नव्हे, तर डोके कसे बदलायचे ती रीत. भांडणात वोल्टरेक हरले आणि त्यांचा शब्द मात्र जिंकला. आजही उत्क्रांतीच्या पुस्तकात ती वाकडी रेघ त्यांच्याच पिसवांमुळे आहे.

एकाच जनुकसाच्याच्या हव्या तितक्या मुली मिळणे, ही या प्राण्याची प्रयोगशाळेतली खरी कमाई. तिचा उपयोग पुढे रसायनवाल्यांनीही करून घेतला. स्वीडनमध्ये १९३० च्या दशकात, अमेरिकेत १९४० च्या दशकात कारखान्यांच्या सांडपाण्याचे विष मोजायला डॅफ्निया मॅग्ना वापरात आली. आज एखादे नवे कीटकनाशक बाजारात यायचे तर चोवीस तासांच्या आतल्या पिसवा अठ्ठेचाळीस तास त्यात ठेवून किती जणी हलायच्या थांबतात, हे मोजणारी आंतरराष्ट्रीय चाचणी असते. उपयुक्त, नेमकी आणि वाचायला रटाळ. तिथे फार थांबत नाही.

उंच शिरस्त्राण असते तरी कशाला, याचे उत्तर खुराकात नव्हते. ते शिकाऱ्यांत होते. १९६५ मध्ये येल विद्यापीठातले जॉन ब्रूक्स आणि त्यांचे तरुण सहकारी स्टॅन्ली डॉडसन यांनी कनेटिकटमधल्या क्रिस्टल लेकचा जुना आणि नवा पाणनमुना शेजारी शेजारी ठेवला. १९४२ मध्ये त्या तळ्यात हेरिंगच्या गोतातला प्लवकभक्षी मासा नव्हता, १९६४ मध्ये होता. आधी सूक्ष्म प्राण्यांचा नेहमी आढळणारा आकार सुमारे ०.८ मिलिमीटर, नंतर सुमारे ०.३. मोठ्या डॅफ्निया माशांनी वेचून खाल्ल्या होत्या. आपला तळ्याकडे पाहण्याचा रिवाज खालून वरचा : खत, मग शेवाळ, मग पिसू, मग मासा. इथे वरून खाली हुकूम चालत होता. खरे तर लोखंडी पडद्याच्या पलीकडे चेकोस्लोव्हाकियात यारोस्लाव्ह ह्रबाचेक यांनी एल्ब नदीच्या जुन्या पात्रांतल्या डबक्यांत हेच चार वर्षे आधी दाखवले होते. उल्लेख व्हायचा तेव्हा येलचा आधी व्हायचा, हा काही विज्ञानाचा नियम नव्हे, भूगोलाचा आहे.

१९८१ मध्ये डॉडसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने आणखी एक गंमत दाखवली. एका डासासारख्या माशीची अळी लहान पिसवांना पकडते. त्या अळीचा नुसता वास पाण्यात असला की पिसवांच्या मानेवर बारीक दात उगवतात आणि अळीला घास गिळणे जड जाते. शिकारी समोर नसला तरी त्याच्या वासाने चिलखत चढते. हा 'वास' म्हणजे नेमके कोणते रसायन, हे कळायला २०१८ उजाडले. मेद-आम्लांना जोडलेले ग्लुटामिन निघाले. अळीला स्वतःचे अन्न पचवण्यासाठी लागणारी ही चीज, त्यामुळे ती दडवणेही तिला जमत नाही. सदतीस वर्षे एका वासाचा पाठलाग! जनुकसंचही दरम्यान वाचून झाला. २०११ मध्ये डॅफ्निया पुलेक्सची ३०,९०७ जनुके जाहीर झाली, माणसाहून जास्त म्हणून वर्तमानपत्रांनी ठळक मथळे दिले. २०१७ च्या नव्या वाचनात ती १८,४४० वर आली. तेव्हा मथळे आले नाहीत.

आता गाळाकडे वळू.

तळ्याच्या तळाशी दरवर्षी एक पातळ थर बसतो. त्यात माती, शेवाळाचे अवशेष आणि त्या वर्षीची खोगिरे. तळ ढवळला गेला नाही, तर वरचा थर आजचा, खालचा आजीच्या वेळचा. तारीख काढायला दोन घड्याळे. एक शिशाच्या किरणोत्सारी रूपाचे, ते ठरलेल्या गतीने विझत जाते. दुसरे माणसाच्या मूर्खपणाचे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हवेत इतके अणुस्फोट झाले की १९६३ च्या थरात सीझियमची एक ठळक रेघ जगभरच्या तळ्यांत उमटली. त्या रेघेवरून मोजता येते. बखरकार घडून गेल्यावर लिहितो, धन्याकडे पाहून लिहितो. इथे साक्षीदार स्वतः डबीत बंद आहे आणि पाणी, उजेड, ऊब दिली की उठून बसतो. सार्स यांना हे सुचले नव्हते, पण करत ते हेच होते.

ही बखर नीट वाचली गेली बोडनसीवर. दुसऱ्या महायुद्धानंतर डिटर्जंट, खते आणि सांडपाण्याबरोबर त्या सरोवरात फॉस्फरस आला. १९७० च्या दशकात निळसर हिरव्या विषारी शेवाळाचा जोर वाढला, आणि मग काठच्या देशांनी कडक उपाय करून पाणी पुन्हा निवळवले. अमेरिकेतल्या कॉर्नेलचे नेल्सन हेअरस्टन आणि जर्मनीतल्या प्ल्योनचे विनफ्रीड लाम्पर्ट यांच्या गटाने गाळाची नळी काढली, वेगवेगळ्या दशकांची अंडी उबवली आणि सगळ्यांना तेच विषारी शेवाळ खाऊ घातले. पाणी बिघडण्याआधीच्या पिसवांची वाढ खुंटली. पाणी सर्वांत वाईट होते त्या वर्षांच्या वंशांनी ते बऱ्यापैकी सोसले. म्हणजे दहा-वीस वर्षांत उत्क्रांती घडली होती, आणि तिचे 'आधी' व 'नंतर' दोघेही एकाच टेबलावर जिवंत होते. १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये हे आले. ज्या सरोवराच्या काठी वाइजमान अधू डोळ्यांनी पिसवा न्याहाळत होते, त्याच सरोवराच्या तळाने ही साक्ष दिली. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांचे सावकाश काम, या डार्विनच्या काळापासूनच्या समजुतीला त्यांच्या शेजाऱ्याच्या आवडत्या प्राण्याने असा धक्का दिला.

बेल्जियममध्ये लूव्हेनजवळ औद-हेवर्ले नावाचे गाव आहे. तिथल्या एका मत्स्यतळ्याचा हिशेब उपलब्ध होता : मासे कधी सोडले, कधी जास्त सोडले, कधी कमी केले. ल्यूक दे मेस्टर यांच्या गटाने तिथल्या गाळातली अंडी उबवून पाहिले की माशाचा वास आला की कोण खोल अंधारात बुडी मारते. मासे दाट होते त्या काळच्या पिसवा वास येताच तळ गाठत. माशांआधीच्या आणि माशांची गर्दी ओसरल्यानंतरच्या तेवढ्या घाबरट नव्हत्या. तळ्याच्या मालकाची वही आणि तळ्याचा गाळ एकच गोष्ट सांगत होते. शेतसारा आणि पोथी जुळावी तसे.

मग एलन डेकास्टेकर यांनी त्याच गाळात मेचनिकॉव्ह यांचा जुना जीवाणू शोधला. पाश्चुरिया रॅमोसाचे बीजाणूही खोगिरांशेजारी थराथरात झोपलेले असतात. म्हणजे यजमान आणि रोग दोघेही एकाच दप्तरात. २००७ मध्ये त्यांनी केलेला प्रयोग सांगायला सोपा आणि करायला छाती दडपणारा आहे. एका थरातल्या पिसवा उबवायच्या आणि त्यांच्यावर तीन वेळचे परजीवी सोडायचे : त्यांच्या मागच्या काळातले, त्यांच्याच काळातले आणि त्यांच्या पुढच्या काळातले. जास्त लागण केली ती समकालीनांनी. कालचा जीवाणू आजच्या पिसवेपुढे थोडा फिका पडतो, कारण पिसू पुढे सरकलेली असते. उद्याचा जीवाणूही फिका पडतो, कारण तो उद्याच्या पिसवेसाठी घडलेला असतो. दोघेही धावत असतात आणि दोघेही जागच्या जागी. कॅरोलच्या पुस्तकातल्या लाल राणीवरून या कल्पनेला १९७३ मध्येच नाव पडले होते, पण तोवर ती बहुतेक वादापुरतीच होती. इथे शर्यतीचे टप्पे चिखलात क्रमाने मांडलेले मिळाले. आणखी एक नोंद तिथे होती, ती जरा अस्वस्थ करते : लागण करण्याची ताकद वर-खाली होत राहिली, पण जीवाणूचा क्रूरपणा वर्षागणिक वाढत गेला.

अमेरिकेतल्या मिनेसोटात साउथ सेंटर लेकमध्ये नळी आणखी खोल गेली. डागमार फ्रिश, लॉरेन्स वायडर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सांगितले की सुमारे सातशे वर्षांपूर्वीचे अंडे उबवून त्यातून पिसू निघाली. देवगिरीच्या यादवांचे राज्य बुडत होते त्या सुमाराचे अंडे. त्या वेळी तळ्याभोवती युरोपीय शेती नव्हती, खत नव्हते, फॉस्फरस दुर्मीळ होता. ही जुनी पिसू फॉस्फरस काटकसरीने वापरते. आजच्या तिच्या नातवंडांना ते जमत नाही, पोटभर मिळाल्यावर कोण काटकसर करतो?

इतर आदर्श प्राणी, फळमाशी, उंदीर, गोलकृमी, प्रयोगशाळेत आले आणि तिथलेच होऊन गेले. त्यांचे बाहेरचे नातेवाईक कुठे आणि कशावर जगतात, याची चौकशी करायला फार कमी लोक गेले. पाणपिसवेने तळे कधी सोडलेच नाही. प्रयोगासाठी ती भांड्यात येते, पण तिचा इतिहास तळ्यातच आहे, आणि तो वाचायचा तर चिखलात हात घालावाच लागतो. मला तिचे मोठेपण तिच्या जनुकसंचात वाटत नाही, या चिखलात वाटते.

सार्स यांची भालेवाली लुमहोल्ट्झी स्वस्थ बसलेली नाही. ती ऑस्ट्रेलियाची एकटीची नाही. आफ्रिकेत आहे, आशियात आहे, आपल्या देशातल्या तळ्यांतही आहे. १९९१ च्या सुमारास ती अमेरिकेत टेक्सास आणि मिसुरीच्या जलाशयांत सापडली आणि तिथून नद्यांबरोबर पसरली. लहान मासे तिचे भाले घशात घ्यायला कां-कूं करतात, हे तिच्या पथ्यावर पडले. आपल्याकडे २०१७ मध्ये महाराष्ट्रात धरणे आणि पाझर तलाव यांतला गाळ काढून शेतात नेण्याची सरकारी योजना सुरू झाली. उन्हाळ्यात तलावाच्या कोरड्या तळावर पोकलेन उभे असते, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेत, आणि काळाभोर गाळ माळरानावर पसरला जातो. शेतकरी ढेकूळ हातात घेऊन फोडतो, सुपीक आहे का पाहतो. त्या ढेकळात तिळाहून बारीक काळे दाणे चमकले, तर तो ते खडे समजून झटकून टाकील.